गोट परातीला लागला तेव्हा

मी माझ्या थोरल्या मुलाला फसवलं. नारायणाला. घरच्या दोन वावरांपैकी विहिरीचं वावर त्याच्या वाट्याला येऊ नये, अशी तजवीज मी केली. दिवसाढवळ्या केली, दोन पंचांसमोर केली, आणि तीही त्याच्याच मुलीच्या तोंडून. नारायणाला हे आजही ठाऊक नाही. पंच होते ते दोघेही काही न कळता वर गेले. धाकट्याला मी सांगितलं नाही, सुनांना नाही, देवळात जाऊन देवालाही नाही. आणि मी काही मुकी बाई नव्हे. डोणगावच्या बाजारात कोणालाही विचारा.

कसं फसवलं, तेच सांगायला बसले आहे. पण एकदम सांगवत नाही. तुम्हाला घरचं समजून थोडा वळसा घालून येते. चालेल ना?

नवरा गेला तेव्हा नारायण सहा वर्षांचा होता आणि धाकटा सुखदेव अंगावर पीत होता. पदरात एक बरड वावर, टेकाडावरचं, तांबडं. त्यात ज्वारी आली तर आली. दीर म्हणाले, वहिनी, माहेरी जा. मी म्हटलं, माहेरी गेले तर वावर कोण राखील, तुम्ही? तेव्हापासून दीर माझ्याशी बोलायचे बंद झाले आणि मी भाजी विकायला लागले. आधी दुसऱ्याची, मग स्वतःची. नाल्याकाठचा काळ्या मातीचा तुकडा घेतला तो भाजीवर. त्यात विहीर खोदली तीही भाजीवर. खोदणारे रोज काठावर येऊन सांगायचे, बाई, खाली दगड लागला, बोली वाढवा. मी म्हणायचे, "दगड मी ठेवला काय तिथं? दगड लागला तं तुम्हाले लागला. मले पाणी लागन तवा मी बोलीन." पाणी लागलं. त्या दिवशी मी त्यांना पुरण घातलं, पण बोली वाढवली नाही.

असा माझा स्वभाव. भाव करताना मला भूक लागत नाही, तहान लागत नाही. नवं राज्य झालं, आमच्या फाट्यावर एसटी थांबायला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी कंडक्टर म्हणाला, "बुढे, टोपलीचं तिकीट पडते." मी म्हटलं, "फाड. पण तिकीट असन तं टोपली शिटावर बसन." आणि बसवली. वांग्यांची टोपली खिडकीशी, मी तिच्या शेजारी. एक पागोटेवाले पाटील डोणगाव येईपर्यंत उभे होते आणि कंडक्टरला शिव्या देत होते, मला नाही. दुसऱ्या दिवसापासून टोपली फुकट.

हसलात ना? मलाही अजून हसू येतं. हे सगळं मी हसत सांगू शकते. पुढचंच जड आहे.

त्या वर्षांत आमचं घर भरलेलं होतं. दोन मुलं, दोन सुना, पाच नातवंडं, एक म्हैस आणि मी. सकाळी चुलीवर पाणी तापायच्या आत माझा अर्धा सौदा घरातच होऊन जायचा. कोण शेण काढणार, कोण सांबार निवडणार — आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात — कोण जुड्या बांधणार. पोरंही माझीच. फुकट एक काडी उचलायची नाहीत. सुखदेवचा दगडू पाच वर्षांचा होता. माझे पाय चेपून द्यायचे त्याचे दर ठरलेले होते. दोन पायांना एक गोष्ट. एकदा एकच पाय चेपून उठला आणि म्हणाला, "आजी, अर्धी गोष्ट सांग." मी अर्धी सांगितली. राजा विहिरीत पडला, इथवर. मग पांघरूण घेऊन निजले. थोड्या वेळानं तो आला आणि निमूट दुसरा पाय चेपायला लागला. राजाला बाहेर काढावंच लागलं.

थोरल्या नारायणाची मुलगी शेवंता. ती या सगळ्यांत मोठी, नऊ वर्षांची. ती सौदा करायची नाही. का कोण जाणे, तिला माझ्याकडून काही घ्यायचं नसायचं. उलट तिनेच मला एक दिलं — अक्षर. मला आकडे येत होते, बोटांवर आणि तोंडावर, पण लिहिता येत नव्हतं. हे तिच्या मनाला लागलं. शाळेतून आली की पाटी घेऊन ओट्यावर बसायची. "आजी, रोजचे दोन अक्षर." मी म्हटलं, "एक." ती म्हणाली, "दोन." मी उठून चालले. शेवटी एक अक्षर आणि एक काना, यावर सौदा पटला. व वांग्याचा, म मेथीचा, भ भेंडीचा. ती माझ्यासाठी पुस्तक बाजूला ठेवून बाजारातली अक्षरं लावायची. मास्तरीण व्हायचं होतं तिला. सातवी पास झाली की मास्तरीण होता येतं, हे तिनं कुठून ऐकलं होतं देव जाणे, पण पाठ केलं होतं. पार्वती — तिची आई, माझी थोरली सून — म्हणायची, "आत्याबाई, ही पोट्टी तुमच्यावरच शिकून राह्यली मास्तरीण." मी म्हणायचे, "म्या ढ निंघाली तं तिची नोकरी गेली म्हून समज."

तुम्ही वाचता आहात ही अक्षरं तिनं दिलेली आहेत. भाषाही तिच्या पुस्तकांतली. राग तेवढा माझा.

आता आंब्यांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

नाल्याच्या काठी आमची चार गावरान झाडं होती. शेंदऱ्या मधासारखा. खोबऱ्या बरा. बाकी दोन झाडांचे आंबे म्हणजे दोरे आणि आंबटपणा. घरात गवताची आढी घालायची, आंबे पिकले की परातीत काढायचे आणि ओट्यावर पोतं पसरून वाटे मांडायचे. मोठी माणसं, लहान माणसं, सगळ्यांचे. किती सारखे केले तरी शेंदऱ्याचे आंबे काही सगळ्या ढिगांत सारखे बसत नाहीत. म्हणून आमच्याकडे रीत आहे. एकानं भिंतीकडे तोंड करून बसायचं. वाटणाऱ्यानं एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्या माणसानं न पाहता नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा ढीग. मग तक्रार नाही. आणि दुसरी रीत — वाटणाऱ्याला वाटा नाही. वाटणारीण मी.

पाठ करून बसायची ती शेवंता. सगळ्यांचा तिच्यावर विश्वास.

एका उन्हाळ्यात शेंदऱ्याच्या ढिगावर बोट ठेवायला मी वाकले आणि माझ्या हातातला चांदीचा गोट शेजारच्या परातीच्या काठाला लागला. टण्ण झालं. "हा कोणाचा?" "माझा," शेवंता म्हणाली. योगायोग असेल. पुढच्या खेपेला तो पुन्हा लागला. तेव्हा योगायोग होता का? नव्हता. मी वाकले तेव्हा मला हातातल्या गोटाची आठवण होती, एवढं सांगते. तिनं पुन्हा म्हटलं, "माझा." मग दर आढीला तसंच. आम्ही दोघी यावर कधी एक शब्द बोललो नाही. डोळा मारला नाही, हसलो नाही. टण्ण झालं की चांगला ढीग, आणि चांगला ढीग शेवंताचा. बाकीची चार नातवंडं लुटली जात होती आणि मला मजा वाटत होती. बाजारात पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या बाईला घरातली ही एवढीशी चोरी गोड लागायची.

पण शेवंता काय करायची, ते ऐका. ढीग उचलायची, त्यातला सगळ्यात पिवळा, सगळ्यात मऊ शेंदऱ्या निवडायची आणि माझ्या ओटीत टाकायची. "तुले वाटा नाही ना. घे." दर वेळी. म्हणजे ती चोरी माझ्यासाठी करायची. हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे पुढे जे केलं, ते कळून केलं.

आता तराजू.

नारायण ग्रामपंचायतीत निवडून आला. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, मेहकरला साहेबांच्या पुढ्यात खुर्ची. मला बरंच वाटत होतं. मग एक दिवस तो जेवताना म्हणाला, "माय, आता बाजारात बसू नको. लोकं मले बोलतात." मी म्हटलं, "काय बोलतात?" "मेंबरची माय वांगे इकते म्हनतात." मी म्हटलं, "मेंबर वांग्यावरच मोठा झाला म्हना त्याईले." सुखदेव हसला, सुना पदराआड हसल्या. नारायण हसला नाही. ताटावरून उठला.

त्यानंतर मला दोन आठवडे ताप आला. बाजार चुकले. बरी झाले, टोपली भरली आणि तराजू पाहते तर खुंटीवर तराजू नाही. पार्वतीला विचारलं, तिनं मान खाली घातली. मी तशीच टोपली घेऊन एसटीनं डोणगावला गेले, म्हटलं कोणाचा तरी मागून घेईन. आणि माझ्या रोजच्या जागेच्या पलीकडे एक तरणी बाई बसली होती, तिच्या हातात माझा तराजू. माझाच. डाव्या पारड्याला चेप होता, उजव्या दोरीला माझ्या लुगड्याच्या काठाची गाठ होती. ती म्हणाली, "मेंबरसाहेबांनी देला, मावशी. तुम्ही आता बसत नाही म्हने."

ज्या तराजूनं त्याला खाऊ घातलं, ज्या तराजूतून विहीर निघाली, तो त्यानं मला न विचारता देऊन टाकला. एखादं फाटकं पोतं द्यावं तसा. मी त्या बाईशी भांडले नाही. घरी येऊन नारायणाशीही भांडले नाही. लोकांना वाटलं, बुढी निवळली. मी भांडले असते तर बरं झालं असतं. माझा राग तोंडातून निघून जातो, तो कोणाला लागत नाही. या वेळी तो निघाला नाही. आत बसला. आणि आत बसून त्यानं एक वाक्य घोकलं — याला तराजू नको, तर याला विहीरही नको.

त्याच वर्षी दोन चुली झाल्या. तंटा नव्हता, घर लहान पडत होतं इतकंच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी वाटणी करायचं ठरलं. विहीर काही मधोमध चिरता येत नाही. म्हणून एकाला विहिरीचं वावर, दुसऱ्याला टेकाडावरचं बरड, ते आकारानं दुप्पट. कोणाला कोणतं? दोघेही भाऊ भले. "तू घे", "नाही, तू घे", असं चालू झालं. गावातली दोन जुनी माणसं पंच म्हणून बोलावली होती. त्यांतले एक म्हणाले, "पोरीले बसवा पाठ करून. आंब्याचं सांगते तं वावराचंही सांगन."

सुखदेव दोन्ही वावरांतून एकेक ढेकूळ घेऊन आला. एक काळं, एक तांबडं. आणायला हाती लागली ती परात, आंब्याचीच. ढेकळं पोत्यावर मांडली. परात माझ्या गुडघ्याशी ठेवली. शेवंता भिंतीकडे तोंड करून बसली. वेणीला तिनं तांबडी फीत बांधली होती. मोठ्या कामाला बसवलं म्हणून ताठ बसली होती.

मी म्हणू शकते की गोट चुकून लागला. कोण नाही म्हणेल? पण ऐका. सकाळपासून मी भांडी घासत होते, आणि घासताना गोट कोपराकडे सारून ठेवायची माझी सवय. तो तिथेच होता. ढेकळं मांडून झाल्यावर मी तो खाली ओढला. मनगटापर्यंत. सावकाश.

मग तांबड्या ढेकळावर बोट ठेवलं. बरड वावराच्या. आणि गोट परातीला लावला.

टण्ण.

"हा कोणाचा?"

तिनं क्षणभरही विचार केला नाही. आनंदानं म्हणाली, "आमच्या बाबाचा."

मी तिला खोटं वाजवलं. तिनं खरं मानलं. चांगलं ते आजी आपल्याला देते, एवढाच तिचा विश्वास होता. तोच मी वापरला. माझा राग नारायणावर होता, त्याच्याशी मी काहीही केलं असतं तरी तो दोघांमधला व्यवहार झाला असता. मी हत्यार केलं ते नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रेमाचं. असा सौदा मी बाजारात कधी केला नाही. सडकं वांगं वर तेल लावून मी एकदाही विकलेलं नाही.

शेवंता वळली. हसत वळली. तांबडं ढेकूळ बापाच्या हातात पाहिलं, काळं काकाच्या हातात. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, मनगटाकडे.

नारायण म्हणाला, "पोरीच्या तोंडातून आलं, म्हंजे देवाच्या तोंडातून आलं." ढेकूळ उपरण्यात बांधलं, पंचांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी शेवंता पाटी घेऊन आली. येणार नाही असं मला वाटलं होतं. ढ या अक्षरावर आलो होतो आम्ही. पुस्तकात ढ ढगाचा होता. तिनं माझ्या हातावर हात ठेवून अक्षर गिरवून घेतलं आणि खाली पाहतच म्हणाली, "ढ ढेकळाचा." आणि त्या उन्हाळ्यात पहिली आढी फुटली, तेव्हा मी हाक मारली तर म्हणाली, "मी नाही बसत पाठ करून. दगडूले बसव." तेवढंच. आमच्यात एवढाच निवाडा झाला.

बरड वावराचं काय झालं, तेही सांगायलाच हवं. नारायणानं तिथं दोनदा विहीर खोदली. दोनदा दगड. त्याच्याकडे माझ्यासारखी जीभ नव्हती, त्यानं बोली वाढवून दिली. मेंबरकी पुढच्या निवडणुकीत गेली. ज्वारी आणि तूर यांवर घर चालत नाही असं दिसलं तेव्हा पार्वतीनं टोपली उचलली. सुखदेवच्या विहिरीवरची भाजी घ्यायची आणि डोणगावला बसायची. भाव कसा धरायचा ते मीच तिला शिकवलं. आता मला म्हणते, "आत्याबाई, तुमच्यापेक्षा मीच बरी, गिऱ्हाईक रडत तं जात नाही." खरं आहे. तिच्याकडून गिऱ्हाईक हसत जातं आणि भावही तोच मिळतो. नारायण टोपली फाट्यावर पोचवून देतो. एसटीत चढवताना आजूबाजूला पाहत नाही. म्हणजे मी जिंकले म्हणायचं का? तुम्ही म्हणू नका. मी एकदा मनात म्हणून पाहिलं, आणि दिवसभर घास उतरला नाही.

कारण आई बाजारात गेली तेव्हा घर शेवंतानं उचललं. पाचवी झाली. सहावीत ती गेली नाही. सातवी, ती मास्तरीण, सगळं टेकाडावर तुरीच्या शेंगा तोडण्यात राहिलं. आणि त्या टेकाडाचं नाव निघालं की पार्वती अजून थट्टेनं म्हणायची, "इनंच सांगतलं व माय, आमच्या बाबाचा म्हून." सगळे हसायचे. शेवंताही हसायची. मी घरात असायचे. मी काय करायचे? मी सांबार निवडायचे.

तिला अमडापूरला दिली. जावई भला आहे, सायकलच्या दुकानात काम करतो. लग्नात मी गोट काढून तिच्या हातात घातला. लोक म्हणाले, बुढीचं किती प्रेम. प्रेम होतंच. पण तो गोट मला हातात नको होता, हे कोणाला सांगणार?

या उन्हाळ्यात ती माहेरी आली. दोन मुलं घेऊन. आम्ही सगळे सुखदेवच्या ओट्यावर जमलो. तीच परात, तेच पोतं. चार झाडांतला शेंदऱ्या अजून उभा आहे. शेवंता म्हणाली, "आजी, आता तुह्या कंबरेले वाकनं होत नाही. मी वाटतो. तू बस पाठ करून." आता मला सांगा, मी कधी पाठ करून बसले होते? जन्मात नाही. जन्मभर वाटणारीण, म्हणजे जन्मभर वाटा नसलेली. दगडूनं धरून मला भिंतीकडे वळवलं. आता तो मिशा फुटलेला गडी झाला आहे. म्हणाला, "आजी, चोरून पाहशीन तं अर्धीच कैरी भेटन." सगळे हसले. भिंतीवरचा चुना नाकाशी आला.

ढीग झाले, नावं झाली. हा दगडूचा. हा सुखदेवचा. मी भराभरा सांगत होते. आणि मग मागे, टण्ण.

परातीला गोट लागला.

"हा कोणाचा?" शेवंता म्हणाली. आवाज साधा होता.

मी भिंतीकडे पाहत बसले. हा चांगला की वाईट? तिला माझं देणं फेडायला इतकी चांगली संधी पुन्हा कधी आली असती? मी तिच्या जागी असते तर सडका ढीग वाजवला असता. आणि चांगला असेल तर? तर मी 'माझा' म्हणावं म्हणून तिनं वाजवला होता. मी खूप वेळ घेतला असावा, कारण दगडू म्हणाला, "झोपली काय?"

मी म्हटलं, "नारायणाचा."

वळून पाहिलं. शेंदऱ्याचा ढीग होता. सगळाच्या सगळा पिवळा. तिनं मला खोटं वाजवलं नव्हतं.

नारायण पुढं झाला, ढीग पाहिला आणि मोठ्यानं हसला. त्याचे आता समोरचे दात नाहीत. म्हणाला, "माय, माह्या जिंदगीत पह्यल्यांदा चांगला वाटा आला पाह्य." सगळे हसले, पोरं तुटून पडली, कोणाच्या सदऱ्यावर रस, कोणाच्या केसांत साल. नारायणानं एक आंबा चोळून माझ्या हातात दिला. शेवंतानं परात उचलली आणि धुवायला घेऊन गेली.

तो आंबा मी खाल्ला. गोड होता. खोटं कशाला सांगू?

त्या दिवसापासून हे लिहिते आहे. रोज एक पान, जसं रोज एक अक्षर. झालं की नारायणाच्या हातात देणार आहे, पार्वतीसमोर, शेवंताची मुलं खेळत असतील तिथंच. तराजूचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही, आणि तो माझा तराजू होता हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण त्याचा ढेकळाशी काही संबंध नाही. संबंध मी लावला होता.

नारायणा, हे वाचून झालं की मला माफ करून सोडून देऊ नकोस. बुढी झाली, असं म्हणू नकोस. पंच गेले, दुसरे दोन बसव. तुझ्या मुलीला बोलाव, तिनं काही चुकीचं सांगितलं नव्हतं हे तिच्या आईसमोर म्हण. मग ते तांबडं ढेकूळ माझ्यापुढं पोत्यावर ठेव आणि विचार, हा कोणाचा. मी भिंतीकडे तोंड करणार नाही. तुझ्याकडे पाहून सांगेन, माझा.